पन्हळीचा खर्च : फुटाचा दर नव्हे, पुऱ्या कामाचा हिशोब

(नभोवाणीवरील भाषणाचा छापील मजकूर)



घराला नवी पन्हळ बसवायची तर खर्च किती येतो, असं बरेच श्रोते विचारतात. प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. पत्र्याचा, पाईपचा आणि मजुरीचा भाव गावोगावी निराळा, दर हंगामाला निराळा. म्हणून या पत्रकात आम्ही रुपये छापलेले नाहीत. फूट, नग आणि किलो किती लागतात ते दिलं आहे. दर तुम्ही आपल्या बाजारातला घाला, म्हणजे तुमच्या घराचा आकडा तुमच्याच हाती येईल. मग कोणी काही सांगितलं तरी फसायला होणार नाही.

आधी पन्हळ हवी कशाला, ते पाहू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. हिशोबासाठी एक दुपाखी कौलारू घर धरू. लांबी ३६ फूट, आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत प्रत्येक पाख्याची रुंदी, जमिनीवर आडवी मोजली तर, १२ फूट. म्हणजे एका पाख्याचं क्षेत्र ४३२ चौरस फूट, म्हणजेच सुमारे ४० चौरस मीटर. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या मानाने एका पाख्यावर पावसाळ्यात १ लाख २० हजार लिटर पाणी पडतं. हे १२० टन पाणी ३६ फुटांच्या एका रेघेत, जोत्यापासून हात-दोन हातांवर आपटतं. त्याने तिथे चर पडतो, चिखल भिंतीवर उडतो, जोत्याची माती सुटते आणि भिंत खालून ओल धरते. ओल आली की पाठोपाठ वाळवी येते. मातीची भिंत असेल तर एखाद्या श्रावणात ती बसतेसुद्धा. पन्हळीचा खर्च मोजताना हे दुसरं पारडं विसरू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वाऱ्याबरोबर तिरपी येणारी झड पन्हळीने थांबत नाही. पन्हळ फक्त छपरावरून उतरणारं पाणी धरते. झडीसाठी झापं किंवा पत्र्याचा आडोसा वेगळा करावा लागतो. पन्हळ लावली की भिंत कोरडी राहील असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं समजावं.

आता हिशोबाकडे वळू. कारागिराकडे गेलं की पहिला प्रश्न आपण विचारतो, "फुटाला काय घेणार?" तिथेच घोटाळा होतो. समजा, एकाने फुटाला १०० रुपये सांगितले आणि दुसऱ्याने १४०. हे आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंची मिळून ७२ फूट पन्हळ. पहिल्याचे झाले ७,२०० आणि दुसऱ्याचे १०,०८०. आपण पहिल्याला काम देतो. मग काम सुरू झाल्यावर कळतं, की हूक वेगळे, त्याचे १,२८०. खाली उतरणारा नळ वेगळा, त्याचे १,५००. बेंड आणि टोपणं वेगळी, त्याचे ६००. बेरीज १०,५८०. दुसऱ्याने हे सगळं धरून दर सांगितला होता. म्हणजे स्वस्त वाटलेलं काम ५०० रुपयांनी महाग पडलं. यात लबाडी असेलच असं नाही, आपणच अर्धा प्रश्न विचारला होता.

तेव्हा पुऱ्या कामाची यादी आपण स्वतः करावी. आपल्या नमुन्याच्या घरासाठी ती अशी होते.

१) पन्हळ. वळचणीची लांबी टेपने मोजा, पावलांनी नको. दोन बाजूंची मिळून ७२ फूट. चौपाखी घर असेल तर चारही बाजू आणि कोपऱ्यांचे जोड धरा.

पीव्हीसी पाईप उभा चिरून पन्हळ करायची असेल तर ६ इंची, २० फुटी पाईप घ्या. एका पाईपच्या दोन पन्हळी होतात, म्हणजे ४० फूट. आपल्याला २ पाईप पुरतात आणि जोडावर चढवायलाही उरतं.

जस्ती पत्रा वापरायचा असेल तर ८ फूट बाय ४ फूट पत्र्यातून १६ इंच रुंदीच्या ३ पट्ट्या निघतात. जोडाला ३ इंच एकावर एक चढवावे लागतात. त्या हिशोबाने एका बाजूला ५ पट्ट्या, दोन्ही बाजूंना १०, म्हणजे ४ पत्रे. २४ गेजचा, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा असा पत्रा साधारण १४ किलो भरतो. चार पत्र्यांचे ५६ किलो झाले. पत्रा किलोवर मिळत असेल तर तो समोर वजन करून घ्या. गेजच्या नावाखाली पातळ पत्रा आला असेल तर काट्यावर लगेच कळतं.

२) हूक. यातच लोक काटकसर करतात आणि यातच काम फसतं. ६ इंची अर्धगोल पन्हळ तुंबून काठोकाठ भरली तर ३६ फुटांत जवळजवळ १ क्विंटल पाणी राहतं. ते वजन हुकांनी पेलायचं असतं. म्हणून अडीच फुटाला एक हूक हवा. एका बाजूला १६, दोन्ही बाजूंना ३२. चार-चार फुटांवर हूक मारले तर पहिल्या वर्षी चालतं, पुढे पन्हळ मध्ये झोळ धरते, त्यात पाणी साचतं, आणि नवं काम जुनं होतं.

३) उतरता नळ. तासाला १०० मिलिमीटर असा जोराचा पाऊस धरला तर ४ इंची नळ सुमारे ४२ चौरस मीटर छपराचं पाणी घेतो. ३ इंची नळ सुमारे २० चौरस मीटरचंच. म्हणजे आपल्या घराला प्रत्येक बाजूला ४ इंची एक नळ पुरतो. ३ इंची घ्यायचा तर प्रत्येक बाजूला दोन लागतील आणि बचत होणार नाही. वळचण ८ फूट उंच असेल तर भिंतीपर्यंतचा आडवा भाग धरून एका नळाला १० फूट, दोन्हींना मिळून २० फुटी १ पाईप. शिवाय प्रत्येक नळाला ३ बेंड आणि ३ क्लॅम्प, म्हणजे एकूण ६ आणि ६.

४) किरकोळ सामान. पन्हळीच्या टोकांची टोपणं ४, नळाची तोंडं २, पाला अडवायला जाळ्या २. त्याशिवाय स्क्रू, पत्र्याला डाख आणि रिबिटं, पीव्हीसीला सोल्युशन. किरकोळ म्हणून सोडलं तर शेवटी हेच बिल फुगवतं.

५) लाकूडकाम. पन्हळ लटकणार वाशांवर नाहीतर वळचणीच्या फळीवर. टोकं कुजलेली असतील तर हूक धरणार कशात? शिडी लावून प्रत्येक वाशाचं टोक खिळ्याने टोचून पाहा. खिळा सहज आत गेला तर तो वासा आधी दुरुस्त करायचा. फुटकी कौलंही त्याच वेळी बदलावीत. जुन्या घरात हा खर्च पन्हळीइतका होऊ शकतो, म्हणून तो आधीच माहीत असावा.

६) मजुरी आणि वाहतूक. किती माणसं, किती दिवस, शिडी-परांची कोणाची, सामान आणण्याचं भाडं कोणाकडे आणि बिल जीएसटी धरून की सोडून, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

७) खालची सोय. नळाचं पाणी जोत्याशीच सोडलं तर सगळा खर्च पाण्यात गेला. जोत्यापासून चार-पाच फूट दूर नेणारी दगडी मोरी किंवा पाईप हिशोबात धरावा. टाकीत पाणी घ्यायचं असेल तर तो खर्च वेगळा मांडा.

या सात बाबी एका कागदावर उतरवा. पुढे दोन रकाने करा, नग आणि दर. तीच यादी दोन-तीन कारागिरांपुढे ठेवा. सगळ्यांनी एकाच यादीचे दर भरले म्हणजे खरं स्वस्त कोण ते दिसेल. जो हूक कमी करून किंवा नळ बारीक करून आकडा खाली आणेल, तोही ओळखू येईल.

आता माल कोणता घ्यावा? जस्ती पत्रा मजबूत असतो, पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो, त्याला वेळोवेळी रंग द्यावा लागतो. पीव्हीसी गंजत नाही, पण सततच्या उन्हाने ठिसूळ होते आणि उन्हात वाढते. २० फुटांची पन्हळ भर उन्हाळ्यात सुमारे अर्धा इंच लांबते. म्हणून तिचे जोड घट्ट आवळून टाकू नयेत, सरकायला जागा ठेवावी आणि बाहेरून रंगाचा हात द्यावा. ॲल्युमिनिअम हलकं आणि न गंजणारं, पण महाग. पोफळीचं खोड उभं चिरून पोखरलेली पन्हळ आपल्याकडे जुन्या काळापासून आहे. घरची बाग असेल तर गोठ्याला, पडवीला ती आजही चालते. ती कुजते, बदलावी लागते, पण तिचा खर्च म्हणजे मुख्यतः आपले श्रम.

निवड करताना एकूण खर्चाला ती वस्तू जितकी वर्षं टिकेल तितक्यांनी भागा. त्यात रंग आणि दुरुस्ती मिळवा. हा दरसालचा आकडा बघून ठरवा. किती वर्षं टिकते ते दुकानदारापेक्षा आपल्याच गावात आधी बसवलेल्या शेजाऱ्याला विचारावं.

पैसे कमी पडत असतील तर सगळं काम निकृष्ट करण्यापेक्षा अर्धं काम चांगलं करा. जिथे भिंत मातीची आहे, किंवा जोत्याशी चर पडतो, ती बाजू यंदा घ्या. दुसरी पुढच्या वर्षी. उलट, वळचण पुरेशी बाहेर आलेली आहे, खाली फरशी आहे, पाणी आपोआप दूर जातं, अशा बाजूला पन्हळ नसली तरी बिघडत नाही. नको तिथला खर्च टाळणं हीसुद्धा कमाईच.

काम चालू असताना तीन गोष्टी स्वतः पाहा. एक, उतार. दर १० फुटांना १ इंच, म्हणजे ३६ फुटांत साडेतीन इंच. तो डोळ्यांनी नव्हे, पाण्याच्या नळीने आणि दोरीने घ्यायला सांगा. दोन, कौलाची कड पन्हळीच्या आत दोनेक इंच यायला हवी. नाहीतर थोडं पाणी कौलाखालून मागे वळतं आणि फळी कुजवतं. तीन, जोड. वरच्या अंगाचा तुकडा आत आणि खालच्या अंगाचा बाहेर, म्हणजे पाणी जोडात शिरत नाही.

पैसे चुकते करण्याआधी उंच टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाणी न थांबता नळापर्यंत गेलं, मध्ये डबकं राहिलं नाही आणि जोडातून ठिबकलं नाही, तर काम बरोबर. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवण्याचं आधीच ठरवावं, म्हणजे दोघांचाही मान राहतो.

आणि हे काम मृगाच्या तोंडावर काढू नका. मे महिन्यात सगळ्यांचीच घाई असते, कारागीर मिळत नाही, मिळाला तर मजुरी चढी. दिवाळीनंतर भातकापणी उरकली की लाकूड कोरडं असतं, माणूस मोकळा असतो आणि दर बोलायला वाव असतो.

बसवल्यावरही थोडा खर्च आहे, तो श्रमाचा. पावसाआधी एकदा आणि श्रावणात एकदा पाला काढायचा. आंबा, फणस, वड जवळ असेल तर जास्त वेळा. माकडांनी हूक वाकवले असतील तर तेव्हाच सरळ करायचे.

शेवटी, या खर्चाची एक जमेची बाजूही आहे. थोडं पाणी वाया जातं असं धरून दहातले आठ हिस्से हाती आले, तरी आपल्या दोन पाख्यांवरून कोकणात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार लिटर पाणी मिळतं. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावातही जवळजवळ ४५ हजार लिटर. सगळं साठवणं परवडणार नाही, पण एक टाकी जरी भरली तरी गुरांचं, भाजीच्या वाफ्याचं काम होतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात छपरावरची धूळ आणि विष्ठा असते. प्यायचं झाल्यास गाळून उकळूनच प्या. पाणी साठवलं नाही तरी ते विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येईल, मात्र आधी वाळूतून गाळून.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या रविवारी टेप आणि शिडी काढा, वळचण मोजा, वासे टोचून पाहा आणि सात बाबींचा कागद भरा. एवढ्याला दमडी लागत नाही. कागद हाती घेऊन मगच कारागिराकडे जा.