आकड्यांमागचे पाळणे

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेने साठ वर्षे पूर्ण केली. माणसाच्या बाबतीत हे वय आता दीर्घायुष्याचे मानले जात नाही. परंतु भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास येथील सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळांना वाटते, पूर्वी तिशी उलटताच माणसे वार्धक्याला टेकत असावीत. तसे नव्हते. सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा तेव्हाही घरोघरी आढळत. गफलत आहे ती सरासरीच्या वाचनात.

दहा मुलांचे उदाहरण घ्यावे. तीन पाळण्यातच गेली आणि सात साठीपर्यंत जगली, तर दहांचे सरासरी आयुर्मान ४२ वर्षे येते. प्रत्यक्षात बेचाळिसाव्या वर्षी त्यांपैकी एकही जण गेलेला नसतो. म्हणून आयुर्मानाबरोबर अर्भकमृत्युदर वाचणे आवश्यक ठरते. दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या म्हणजे हा दर. भारतात तो १९७१ मध्ये १२९ होता, २०२० मध्ये २८ झाला. आधीची मुले जगली नाहीत म्हणून काळाची नजर चुकवण्यासाठी ठेवलेली धोंडू, दगडू, केरू ही नावे आता हजेरीपटावर क्वचितच दिसतात, त्यामागे हीच घट आहे.

देशादेशांची तुलना करताना काही गोष्टी चकित करतात. आरोग्यावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या अमेरिकेत हा दर पाचाहून अधिक, तर जपानमध्ये दोनच्या आसपास आहे. केवळ पैशाने बालके वाचत नाहीत, हे यावरून दिसते. एका देशाची सरासरीही फसवी असू शकते. २०२० मध्ये केरळचा दर ६ होता, मध्य प्रदेशाचा ४३. भारताचा २८ हा आकडा या दोहोंपैकी कोणाचेच चित्र दाखवत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मोजणीचा आहे. जन्मल्यावर श्वास, हृदयाचा ठोका वा हालचाल यांपैकी जिवंतपणाचे एकही लक्षण दिसले, तर गर्भकाळ कितीही असो, तो जिवंत जन्म समजावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या १९५० पासूनची. सोव्हिएत संघात मात्र २८ आठवड्यांपूर्वी किंवा हजार ग्रॅमहून कमी वजनाचे जन्मलेले बालक सात दिवसांत दगावले, तर ते जिवंत जन्मांत धरलेच जात नसे. साहजिकच तेथील दर प्रत्यक्षाहून कमी दिसे. १९७० च्या दशकात तोही वाढू लागला, तेव्हा आकडे प्रसिद्ध करणेच थांबवण्यात आले.

असे झाकलेले मृत्यू दूरदेशीच असतात, असे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावोगावी प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवण्याची शिस्त लावली. पुढे 'कोवळी पानगळ' या २००१ च्या अहवालाने महाराष्ट्रातील असंख्य बालमृत्यू सरकारी दप्तरापर्यंत पोहोचतच नसल्याचे उघड केले. गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरी जाऊन नवजातांची काळजी घेतली आणि तीन वर्षांत नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला. नोंद आधी झाली, उपाय मागाहून सापडला.

म्हणून कमी दर पाहून लगेच अभिमान बाळगू नये आणि जास्त दर पाहून लाजू नये. प्रामाणिकपणे मोजणारा प्रदेश काही काळ मागासलेला दिसतो. न मोजणारा पुढारलेला भासतो. पालकांनी मुलांना आकडे पाठ करायला लावण्यापेक्षा आकड्यांना प्रश्न विचारायला शिकवावे: कोणाला मोजले? कोणाला वगळले? नोंदवही शेवटच्या झोपडीपर्यंत गेली होती का? जे बालक मोजलेच गेले नाही, त्याच्यासारख्या दुसऱ्याला वाचवण्यासाठी कोणीही धावून जात नाही.