पाटीतलं छोटं पापलेट



कोळीण मावशींच्या पाटीत
तळहाताहून लहान पापलेट पाहिलंय कधी?
स्वस्त असतं.
हात पुढे जातोच. माझाही गेलाय.

पण ते पिल्लू आहे.
त्यानं एकदाही अंडी घातलेली नाहीत.

पालघरजवळचं सातपाटी
पापलेटासाठी नावाजलेलं.
तिथल्या कोळ्याला हे कुणी शिकवायला नको.
जाळ्याच्या एका घराला म्हणतात आस.
आस मोठा, तर पिल्लू निसटतं.
आस बारीक, तर सगळंच अडकतं.

मग बारीक आस टाकतात तरी का?
डिझेलचा खर्च असतो. बोटीचं कर्ज असतं.
आणि मनात एक धास्ती...
मी सोडलं, तर शेजारची बोट धरणार!

म्हणून नियम सगळ्यांना एकच हवा.
राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा.
जून-जुलैत यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात, तो त्यातलाच नियम.
२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला.
त्याच वर्षी अनेक माशांची किमान लांबीही ठरली.
त्याहून लहान मासा धरायचा नाही.

पण बंदरावर पट्टी घेऊन
किती जण उभे राहणार?

उद्या बाजारात विचारून बघा,
“मावशी, हे पिल्लू तर नाही ना?”
मावशी हसतील.
खालून मोठं पापलेट काढतील.
भाव मात्र आधी ऐकून घ्या!