वास्तूची आरंभीची शिल्लक



राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून खुले झालेले आपले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते जसेच्या तसे बांधा, अशी मागणी कोल्हापूरकरांनी केली, आम्हीही केली. पण ‘जसेच्या तसे’ म्हणजे नेमके कसे, हे सांगायला मापे लागतात. आणि आगीत तापलेल्या दगडी भिंतीवर पुन्हा छप्पर ठेवावे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

अशा कामी आता लेसर स्कॅनर वापरतात. तिवईवरचे यंत्र चौफेर किरण सोडते आणि परतणाऱ्या किरणांवरून सेकंदाला लाखो बिंदूंची अंतरे मोजते. अनेक जागांवरून घेतलेली मापे जुळवली की संगणकात वास्तूची त्रिमित प्रतिकृती उभी राहते. भिंत किती कलली, तुळई किती झुकली, हे मिलिमीटरच्या हिशेबात कळते. मग अभियंते प्रतिकृतीचे लहान लहान भाग पाडून वजनाचा, वाऱ्याचा, भूकंपाचा ताण कोठे येईल याचे गणित मांडतात. मात्र किरणाला फक्त पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या पोटातली पोकळी, वाळवीने खाल्लेले लाकूड शोधायला वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. अँड्र्यू टॅलन यांनी ते आधीच स्कॅन करून ठेवले होते. ते २०१८ मध्येच वारले. त्यांची मापे पुनर्बांधणीच्या कामी आली. हे गृहस्थ कलेतिहासाचे प्राध्यापक होते, याची आमच्यासारख्या कला शाखेच्या मंडळींनी नोंद घ्यावी!

आम्ही पडलो बँकेतले कारकून. आरंभीची शिल्लक लिहिलेली नसेल, तर वर्षअखेर किती गेले ते सांगता येत नाही. वास्तूचेही तसेच. पहिले माप ती उभी असतानाच घ्यायचे, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा मोजल्यावर फरक कळतो.

दसरा चौक परिसरातील शाहूकालीन वसतिगृहांपासून सुरुवात करता येईल. स्कॅनर महाग आहे, हे खरे. तोवर विद्यार्थ्यांनी फोनवर, एकात दुसऱ्याचा भाग येईल अशी ओळीने छायाचित्रे घ्यावीत. त्यांवरूनही संगणक प्रतिकृती करतो. भिंतीशी मोजपट्टी जरूर ठेवावी, नाहीतर आकार मिळेल पण माप मिळणार नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा, नंतर एकदा. प्रत्येक भेगेपुढे तारीख लिहावी.