बसचा तोटा आणि पुलाचा खर्च

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे मुंबईची शेवटची ट्राम निघाली. ती माणसांनी खच्चून भरलेली होती. १८७४ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ पासून विजेवर धावणारी ही गाडी नव्वद वर्षे शहराच्या सेवेत होती. तिच्यावरचे आरोप साधे होते: ती संथ आहे, ती मोटारींची वाट अडवते आणि ती तोट्यात चालते. लोकांनी तिला हळहळत निरोप दिला. परंतु हे तीन आरोप खरे किती आणि ते कोणत्या मापाने मोजले, हा प्रश्न त्या गर्दीत फारसा कोणी विचारला नसावा. तो प्रश्न आजही शिल्लक आहे. ट्रामची जागा आता बसने घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

सार्वजनिक वाहतुकीच्या चर्चेत सर्वांत आधी येणारा शब्द म्हणजे तोटा. वर्षअखेर बसउपक्रमाचा ताळेबंद प्रसिद्ध होतो. तिकिटांचे उत्पन्न एका बाजूला, पगार, इंधन आणि दुरुस्ती दुसऱ्या बाजूला. आणि मधले अंतर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा मथळा होते. रस्त्याचा असा ताळेबंद कोणी मांडत नाही. उड्डाणपूल बांधला जातो, त्याचे उद्घाटन होते, दरवर्षी त्याची डागडुजी होते, त्यावर दिवे लागतात, त्याच्या तोंडाशी वाहतूक पोलीस उभे राहतात. परंतु त्या पुलाने यंदा किती मिळवले आणि किती गमावले, हे कोणी विचारीत नाही. बसवर होणारा खर्च तोटा ठरतो आणि पुलावर होणारा खर्च विकास. पैसा एकाच तिजोरीतला. नावे मात्र दोन. लोकमत घडते ते बहुधा या नावांवरून.

यावर मोटारमालकाचे एक उत्तर असते, आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. तो म्हणतो, आपण वाहनकर भरतो, इंधनावर कर भरतो; रस्ता आपल्या पैशाचा आहे. पण कर बसही भरते. महाराष्ट्रातील एस.टी. तर अनेक वर्षे प्रत्येक तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारजमा करीत आली. खेड्यातून तालुक्याच्या शाळेत जाणारा विद्यार्थी आणि बाजाराला निघालेली शेतकरीण यांच्या तिकिटातूनही राज्याची तिजोरी भरत होती. आणि शहरातली सर्वांत महाग वस्तू, म्हणजे जमीन, ती तर मोटार दिवसभर रस्त्याच्या कडेला फुकट अडवून उभी असते. त्या जागेचे भाडे कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने हा उपक्रम आपल्या ताब्यात घेतला. वीज आणि वाहतूक ही त्याची दोन अंगे. विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून काढली जाई. ज्याच्या घरात जास्त दिवे, तो नकळत बसच्या रांगेतल्या माणसाला थोडा हातभार लावी. कायद्याच्या पुस्तकात या व्यवस्थेला काही मोठे नाव नव्हते, पण तिच्यात एक नागरी शहाणपण होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडण्याचा आग्रह वाढला आणि हा आधार हळूहळू सुटत गेला. तूट उघडी पडली. पैसा कमी म्हणून गाड्या कमी, गाड्या कमी म्हणून रांग लांब, रांग लांब म्हणून प्रवासी रिक्षाकडे किंवा स्वतःच्या दुचाकीकडे वळला, आणि प्रवासी गेला म्हणून तूट आणखी वाढली. शेवटी असे म्हटले जाऊ लागले की, बस लोकांनाच नको आहे. वस्तुतः लोकांना नको होते ते थांब्यावर अर्धा तास उभे राहणे.

२०१९ साली बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले; मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. या दोन निर्णयांच्या दरम्यान, मार्च २०२४ मध्ये, त्याच महापालिकेच्या किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. सुमारे साडेदहा किलोमीटरच्या त्या रस्त्याला तेरा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च आला, आणि त्यावर पथकर नाही. मोटारीतून जाणाऱ्याला त्या रस्त्यासाठी वेगळे काही द्यावे लागत नाही. बसमध्ये चढणाऱ्याला मात्र दुप्पट भाडे. रस्ता सुरेख आहे, त्याने वेळ वाचतो, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, एकाला प्रकल्प आणि दुसऱ्याला अनुदान म्हटल्यामुळे, दोन्ही खर्च शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवयच उरली नाही.

परंतु हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. तो जागेचाही आहे, आणि जागेवरून होणारे भांडण अधिक कडवे असते. याचे उदाहरण दिल्लीचे. २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद या सुमारे पावणेसहा किलोमीटरच्या रस्त्यावर बससाठी मधली मार्गिका राखून ठेवण्यात आली. पहिल्या दिवसापासून तिच्यावर टीकेची झोड उठली. मोटारीत अडकलेल्या माणसाला शेजारची मार्गिका मोकळी दिसे, आणि त्याचा संताप अनावर होई. त्याच्या डोळ्यांना मोकळे दिसत होते हे खरे. पण हिशेब निराळा होता. दर मिनिटाला एक बस आणि तीत साठ माणसे धरली, तर तासाला ३६०० माणसे पुढे जातात. त्याच रुंदीच्या पट्टीवरून सिग्नलांमधून वाट काढीत तासाला हजार मोटारी गेल्या, आणि प्रत्येकीत उदारपणे दोन माणसे धरली, तरी आकडा २००० च्या वर जात नाही. भरलेली दिसणारी पट्टी कमी माणसे नेते आणि रिकामी दिसणारी अधिक. डोळा वाहने मोजतो. माणसे मोजण्यासाठी थोडा विचार करावा लागतो.

त्या मार्गात दोष नव्हते असे नाही. थांबे रस्त्याच्या मध्यावर असल्याने प्रवाशांना धावत्या वाहनांतून वाट काढावी लागे, आणि चौकांत सिग्नल फार वेळ अडकून राहत. ते दोष सुधारता आले असते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने मार्ग बंद करण्याची मागणी फेटाळली. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्यावी, हे तत्त्व मान्य केलेले होते. न्यायालयात मार्ग टिकला. लोकमतात टिकला नाही. २०१६ साली तो उखडून टाकण्यात आला.

येथे एक कोडे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभर घरांपैकी पाचांतही मोटार नव्हती. शहरांतसुद्धा हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपासच होते. मग दहांचा आवाज नव्वदांहून मोठा कसा ठरतो? एक कारण असे की, बसचा प्रवासी विखुरलेला आहे. तो सकाळी घाईत असतो, संध्याकाळी थकलेला. अर्ज करायला, सभेला जायला, वर्तमानपत्राला पत्र लिहायला त्याला सवड नसते. दुसरे कारण अधिक खोल आहे. बसच्या रांगेत उभा असलेला माणूस स्वतःला कायमचा बसप्रवासी समजत नाही. आज रांगेत, उद्या दुचाकीवर, परवा मोटारीत, असे त्याचे मनोराज्य चालू असते. म्हणून मोटारीसाठी होणारा रस्ता त्याला आपल्या उद्याचा वाटतो आणि बस ही आजची अडचण वाटते. स्वप्न पाहण्यात गैर काही नाही. मात्र त्या स्वप्नासाठी रोजची रांग लांबवली जात आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तरीही लोकमत बदलू शकते, याची साक्ष बंगळूरने दिली आहे. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधण्याची सुमारे १८०० कोटींची योजना २०१६ साली पुढे आली. त्यासाठी आठशेहून अधिक झाडे पडणार होती. ऑक्टोबरमध्ये हजारो नागरिक त्या रस्त्यावर हातात हात घालून उभे राहिले. त्यांत मोटारीने फिरणारेही होते. पूल नको, एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. बस वाढवा, उपनगरी रेल्वे द्या, अशी मागणीही त्या शहरात जोर धरू लागली. मार्च २०१७ मध्ये योजना मागे घेतली गेली. उपनगरी रेल्वेची पायाभरणी २०२२ साली झाली. अर्थात पुढे त्याच शहरात भुयारी रस्त्याची योजना आलीच. एकदा जिंकलेला वाद कायमचा जिंकलेला नसतो. पण पुलाचा खर्चही मोजता येतो आणि त्याच्या जागी काय मिळाले असते हेही विचारता येते, इतके त्या नागरिकांनी दाखवून दिले.

शहर कोणासाठी आहे, याचे उत्तर अंदाजपत्रकाच्या पानांवर दरवर्षी लिहिले जाते. रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका, शिकवणीहून परतणारी मुलगी, इस्पितळात तपासणीसाठी निघालेले वृद्ध जोडपे, यांच्यासाठी शेवटची बस येते की नाही, यावर त्यांचे काम, शिक्षण आणि स्वास्थ्य अवलंबून असते. त्यांच्या वाचलेल्या वेळेची नोंद कोणत्याही ताळेबंदात जमेच्या बाजूला होत नाही. ती झाली, तर तोट्याचा आकडा कदाचित आजच्याइतका भयंकर दिसणार नाही.

मुंबईत ट्राम बंद झाल्यानंतर अर्धशतकाने हुतात्मा चौकाच्या परिसरात खोदकाम सुरू असताना जमिनीखालून जुने रूळ वर आले. पाहणारे क्षणभर थबकले. ज्या मोटारींची वाट मोकळी व्हावी म्हणून ते रूळ डांबराखाली गाडले होते, त्या मोटारी त्या वेळीही तिथेच, एकीमागे एक, वाट पाहत उभ्या होत्या.