रुग्णाचा शब्द



मनाच्या आजाराविषयी डॉक्टर सांगतात, कायदा सांगतो. पण आजारी माणसाभोवतीची माणसं कशी वागतात, हे कथेइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. आज अशा तीन कथांविषयी बोलायचं आहे.

अंतोन चेखव हा रशियन कथाकार स्वतः डॉक्टर होता. त्याची ‘वॉर्ड नंबर सहा’ १८९२ साली प्रसिद्ध झाली. रशियातल्या एका आडवळणाच्या गावातलं इस्पितळ. तिथे मनोरुग्णांचा वॉर्ड आहे आणि निकीता नावाचा पहारेकरी त्यांना बडवतो. डॉक्टर रागिन यांना हे सगळं ठाऊक आहे, पण दुःख मनावर घेऊ नये अशा तत्त्वज्ञानात ते रमलेले. एके दिवशी ते ग्रोमोव्ह या रुग्णाशी बोलतात. आपल्याला पकडून नेतील, या भीतीने ग्रोमोव्हला पछाडलेलं आहे. चेखव ही भीती लपवत नाही. पण याच माणसाची बुद्धी लखलखीत आहे, आणि डॉक्टरांच्या तत्त्वज्ञानातला पोकळपणा तोच त्यांना तोंडावर सांगतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाऊ लागतात. गावात कुजबुज सुरू होते. वेड्याशी इतका वेळ बोलणारा शहाणा कसा असेल? शेवटी रागिन यांनाच त्या वॉर्डात कोंडतात. निकीताचा मार खाल्ल्यावर त्यांना वेदना म्हणजे काय ते कळतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते मरतात.

त्याच वर्षी अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ छापून आली. बाळंतपणानंतर मन खचलेली एक स्त्री. नवरा डॉक्टर आहे, तिच्यावर माया करणारा आहे. तो सांगतो, विश्रांती घे, लिहू नकोस, तुला काही झालेलं नाही. ती म्हणते, ही खोली बदला. तो हसून टाळतो. दिवसभर भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे पाहता पाहता त्या नक्षीमागे कोंडलेली एक बाई तिला दिसू लागते. गिलमन यांनी १८८७ मध्ये असाच सक्तीच्या विश्रांतीचा उपचार स्वतः घेतला होता. लेखणीला पुन्हा हात लावू नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. तो सल्ला बाजूला सारून त्या कामाला लागल्या, तेव्हा कुठे सावरल्या.

तिसरी कथा उर्दू लेखक मंटोची, ‘टोबा टेक सिंह’. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांचीही अदलाबदल करायचं ठरवतात. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग एकच विचारतो, माझं गाव कुठल्या देशात आहे? शहाण्यांपैकी कुणालाच धड उत्तर देता येत नाही.

ग्रोमोव्ह, ती स्त्री आणि बिशनसिंग, या तिघांचेही आजार खरे आहेत. लेखकांनी त्यांना संत केलेलं नाही. पण एकदा शिक्का बसला की माणसाच्या बोलण्याला किंमत उरत नाही, हे तिन्ही कथा दाखवतात. मारणारा निकीता आपल्याला चटकन ओळखू येतो. प्रेमाने तोंड बंद करणारा तो नवरा ओळखणं अवघड, कारण तो आपल्या घरात असतो. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘लग्न झालं की ठीक होईल’, ‘बाहेर कुणाला सांगू नका’ ही वाक्यं त्याचीच आहेत.

आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने यावर एक ठाम उत्तर दिलं आहे. उद्या मी आजारी पडलो तर माझ्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येतं. म्हणजे रुग्णाच्या शब्दाला कायद्याने किंमत दिली. ती घरात द्यायची आहे आपण.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर उपदेश करण्याआधी त्यांचं बोलणं पूर्ण ऐका. मग त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. तातडीने बोलायचं असेल तर टेली मानसची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. हा क्रमांक आजच लिहून ठेवा.