चोखोबांचे अभंग आणि आपण
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आम्ही काही विद्वान नाही. बँकेत कारकुनी करतो. बी.ए.ला मराठी होते, तेवढ्या भांडवलावर संस्थेने आम्हांला इथे उभे केले आहे. विषय आम्ही निवडला नाही, तो एका विद्यार्थिनीने दिला. वाचनालयात अभ्यास करता करता तिने विचारले, "काका, चोखामेळ्यांच्या अभंगाचा भावार्थ लिहायचाय. गाइडातला लिहू की आपला लिहू?" आम्ही म्हटले, "आपला म्हणजे कोणता?" ती गप्प झाली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो. त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

आषाढी एकादशी झाली की चार-पाच दिवसांत आषाढी पौर्णिमा येते. एकादशीला चोखोबांचा विठ्ठल, आणि पौर्णिमेला तथागतांनी सारनाथला केलेले पहिले धम्मप्रवर्तन. आमच्या घरात हे दोन दिवस फार जवळ जवळ होते. आजोबांनी १९५६ नंतर घरातले देव नदीत सोडले. आजीने कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. तिला बाबासाहेबांचा शब्द पुरेसा होता. पण पहाटे काम करताना तिच्या तोंडी चोखोबा यायचे. आजोबा ऐकून न ऐकल्यासारखे करीत. आम्ही लहानपणी आजीला विचारले, "तू बौद्ध ना, मग हे काय?" ती म्हणाली, "देव सोडला रे, चोखा कसा सोडू? तो आपल्यातलाच ना." आजीच्या या बोलण्यात आमच्या पुढच्या सगळ्या भाषणाचे सार आहे, आम्ही फक्त ते लांबवणार आहोत.

चौदाव्या शतकातल्या मंगळवेढ्याच्या या माणसाच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, असे अख्खे घर कवींचे. गावकुसाबाहेरच्या एका घरात एवढी कविता जन्मावी, याचे आम्हांला अजूनही नवल वाटते.

या कवितेला गूढकाव्य म्हणतात. म्हणजे भक्त आणि देव यांच्यातले अंतर संपते, मी-तूपण उरत नाही, त्या अनुभवाचे बोल. तो अनुभव खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. उपाशी, अपमानित माणसाला आपल्या आत एक अशी जागा सापडते की जिथे कोणी त्याला 'दूर हो' म्हणत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. ती जागा त्याने स्वतः शोधली. या अर्थाला आपण आध्यात्मिक अर्थ म्हणू.

पण त्याच अभंगांत दुसरा अर्थही असतो, तो धार्मिक. जग कसे मांडलेले आहे, कोणी कुठे उभे राहायचे, हे तो सांगतो. प्रवचनकार हे दोन अर्थ एकमेकांत कालवतात. आमचे प्रवचनकारांशी भांडण नाही, आम्ही आवडीने ऐकतो. पण ऐकताना एक गोष्ट खटकते. अभंगात दार आले की ते सांगतात, दार म्हणजे अज्ञान, दार म्हणजे मायेचा पडदा. ज्ञानेश्वरांच्या बाबतीत तसे असेलही. चोखोबांपुढचे दार लाकडाचे होते, मित्रहो. त्याला कडी होती आणि आत माणसे उभी होती.

१३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना कूस कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समाधी आजही तिथेच आहे, दाराबाहेर. ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. हिशेब करण्याची आम्हांला सवय आहे म्हणून केला: सहाशे नऊ वर्षे. ज्या दाराला उघडायला सहाशे नऊ वर्षे लागतात, त्याला रूपक म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

'जोहारा'चेही तसेच. जोहार हा महाराने वरच्या जातीच्या माणसाला करायचा नमस्कार. पुढे त्याच नावाचा काव्यप्रकार झाला. सोळाव्या शतकात एकनाथांनी महाराच्या तोंडी अशी भारुडे घातली. त्यांत शरीर हे गाव होते आणि महार त्या गावचा चाकर. तो गावाला जागे राहायला सांगतो, हिशेब द्यावा लागेल म्हणून बजावतो. ब्राह्मण संताने महाराच्या तोंडून ज्ञान सांगावे, हे त्या काळी धैर्याचेच होते, ते श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण खऱ्या गावात काय होते? वेस राखणे, साऱ्याच्या पैशाबरोबर जाणे, मर्तिकाचा सांगावा घेऊन कोसावरच्या गावी धावणे, मेलेली ढोरे ओढणे. आणि बदल्यात बलुते, भाकरतुकडा. ही चाकरी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. रूपकातला महार शरीराच्या गावाला जागवीत होता आणि खरा महार खऱ्या गावासाठी रात्र जागत होता. कीर्तनात पहिला ऐकू आला, दुसरा नाही. जोहार गेला आणि त्या जागी जयभीम आला, त्यामागे एवढा मोठा रस्ता आहे.

आता अवघड जागा. चोखोबांच्या काही अभंगांत आपल्या हीन जन्माचे कारण मागल्या जन्मीचे कर्म म्हणून सांगितले आहे. हे वाचताना आम्हांला वाईट वाटते. आम्ही बँकेतले माणूस. कोणाच्या नावावर थकबाकी दाखवायची तर कर्जाचा कागद लागतो, त्यावर सही-अंगठा लागतो. मागल्या जन्माच्या कर्जाचा कागद कोणी पाहिला? सही कोणाची? आणि वसुली मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू. चोखोबांना हे दिसले नाही असेही नाही. दुसऱ्या अभंगांत तेच विचारतात की विटाळ कोणाचा, तो तर सगळ्यांच्याच देहात आहे. सोयराबाईही तेच विचारतात. एकाच माणसाच्या मनात शरण जाणे आणि प्रश्न विचारणे दोन्ही असते. कर्ममेळा तर पुढच्या पिढीचा. उष्ट्यावर वाढलेल्या आयुष्याचा जाब तो सरळ देवालाच विचारतो. बाप-लेकाच्या बोलीतला हा फरक विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावा. परीक्षेत विचारत नाहीत, तरी.

आणि आमच्याकडेही गूढ अनुभवाची कविता आहे, ती आम्ही वाचत नाही ही आमची चूक. खुद्दकनिकायात थेरगाथा आणि थेरीगाथा आहेत. थेरीगाथेत ७३ थेरींचे बोल आहेत. त्यांत पुण्णा ही पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने शुद्धी होत असेल तर मासे-कासवे सगळी स्वर्गालाच जातील. सोयराबाई आणि पुण्णा यांच्यामध्ये दीड हजार वर्षांहून अधिक अंतर, पण बोलणे शेजारणींचे वाटते. थेरगाथेत सुनीत आहे, सुकलेली फुले झाडून काढणारा. तथागत येताना पाहून तो हात जोडून अंग चोरून उभा राहतो, पण तथागत त्याला 'ये' म्हणतात. सुनीताच्या शांतीचे बोल चोखोबांच्या शांतीहून फार वेगळे नाहीत. वेगळे आहे ते एवढेच, की सुनीत संघाच्या आत बसून बोलतो.

बाबासाहेबांनी संतांना कसे वागवले ते पाहा. 'मूकनायक'च्या शिरोभागी १९२० साली त्यांनी तुकोबांचा अभंग घातला, १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. वडील कबीरपंथी, आणि कबीर हे बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक. 'द अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. तरीही संतांची झुंज माणसामाणसांतल्या समतेसाठी नव्हती, देवापुढच्या समतेपुरती होती, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्याला आदराने ग्रंथ अर्पण करायचा, त्याचे म्हणणे तपासूनही घ्यायचे. आमच्यातले काही तरुण चोखोबांचे नाव काढले की तोंड फिरवतात. त्यांचा राग आम्हांला कळतो. गुडघे टेकणारा पूर्वज कोणाला हवा असतो? पण तो गुडघे टेकून जे बोलला त्यातूनच त्या दारासमोर काय चालले होते ते आपल्याला कळते. त्याच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही.

त्या मुलीला आम्ही शेवटी सांगितले की भावार्थ लिहिताना आधी कवी कुठे उभा आहे ते लिही, मग त्याला काय दिसले ते लिही. गाइडातले वाक्य घातलेस तरी चालेल, पण तिसरे. किती गुण मिळाले ते तिने अजून सांगितलेले नाही.

पुढच्या रविवारी याच सभागृहात सोयराबाई आणि पुण्णा थेरी शेजारी शेजारी ठेवून वाचायचा बेत आहे. ज्यांच्या घरी जात्यावरच्या ओव्या, जुने अभंग पाठ असलेली आजी असेल त्यांनी तिला जरूर घेऊन यावे. आमची आता नाही. चहाची व्यवस्था संस्थेकडे आहे. जयभीम.