आधी फोन, मग लाज

(गणेशोत्सवातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात मंडळाच्या मदत गटाने केलेले भाषण)

गणपती बाप्पा मोरया!

मंडळी, आम्ही पोलीस नाही आणि संगणकातले जाणकारही नाही. पण गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका काकूंबरोबर पोलीस ठाण्यात जावं लागलं. तिथे जे कळलं ते आज सांगतो. काकूंनीच म्हटलंय, ‘नाव घेऊ नका, पण सांगा.’

गेल्या गणपतीतलीच गोष्ट. काकूंना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस. ‘तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही.’ काकू दोन दिवस त्या फोनसमोर बसून होत्या. मुलाचा फोन आला तर ‘बरी आहे’ एवढंच म्हणाल्या. एफडी मोडून पैसे पाठवले. त्या दोन्ही दिवशी त्या आरतीला आल्या नाहीत. ते आमच्या लक्षात आलं होतं, पण घरी जाऊन कोणी विचारलं नाही. ही चूक आमची.

फसवणूक कळल्यावरही काकू चार दिवस गप्पच राहिल्या. लोक काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल! ठाण्यातले अधिकारी हळहळले, ‘ताई, पहिल्या तासात कळवलं असतं तर!’

त्या तासाचं महत्त्व आम्हाला तेव्हा समजलं. ठगांचा पैसा एका खात्यात थांबत नाही. घटकाभरात तो अनेक खात्यांत फुटतो आणि एटीएममधून निघून जातो. ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. म्हणून तरुणांनो, चार पैशांसाठी आपलं खातं कोणाला वापरायला देऊ नका, तुम्हीच गुन्ह्यात अडकाल.

याला तोड म्हणून 2021 पासून पोलीस आणि बँकांना जोडणारी एक यंत्रणा चालते. 1930 वर फोन केला की तक्रार त्या यंत्रणेत नोंदवली जाते. पैसा ज्या बँकेत पोचला तिला सूचना जाते. तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती रोखली जाते, पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. पोलीस असे पैशाच्या मागे धावतात, पण त्यांची धाव आपल्या फोनपासूनच सुरू होते. काकूंचा पैसा चार दिवस पुढे होता. एका खात्यात थोडी रक्कम सापडली, बाकीची गेली.

तेव्हा एवढं करा. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. असा फोन आला की कापा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 लावा. व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. मेसेज पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पोलीस सोशल मीडियावर सावधगिरीच्या सूचना टाकतात, त्या नुसत्या ग्रुपवर पुढे ढकलू नका, घरातल्या आजी-आजोबांना वाचून दाखवा.

आणि आमच्याकडून एक शब्द. या वर्षी जे ज्येष्ठ दोन आरत्यांना दिसणार नाहीत, त्यांच्या दाराची घंटा आम्ही वाजवणार. राग मानू नका, दार उघडा.

मंगलमूर्ती मोरया!